सात एकर बारा गुंठे आणि पाच मेंढ्या

जाहिरात व्हॉट्सॲपवरून आली होती. 'पुण्यापासून दीड तासावर सात एकर बारा गुंठे निसर्गरम्य चराऊ माळ, दगडी कॉटेजसह. विहीर, लाइट, रस्ता. सिंगल मालक, क्लिअर टायटल. ५० शेळ्या-मेंढ्या आरामात. गुंठा ४५ हजार, कॉटेजचे ३० लाख वेगळे.' सोबत संध्याकाळच्या उन्हातला फोटो होता. कंबरेएवढं पिवळं गवत, मागे टेकडी आणि मधोमध कौलारू घर.

भाच्याने ती पुढे पाठवून खाली एवढंच लिहिलं होतं, "मामा, शनिवारी मोकळे आहात ना?"

मी एकतीस वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढली. आता सिंहगड रोडला राहतो. घरात कुणाला कुत्रं घ्यायचं असो वा शेत, बोलावणं मलाच येतं. त्या शनिवारपासून पुढच्या चौदा महिन्यांत जे घडलं ते इथे मांडतो. माणसांची आणि गावाची नावं गाळली आहेत, आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

आधी हिशोब. सात एकर बारा गुंठे म्हणजे २९२ गुंठे. (सातबाऱ्याच्या नावाला इतकं साजेसं क्षेत्र मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.) ४५ हजारांनी जमिनीचे एक कोटी ३१ लाख ४० हजार, वर कॉटेजचे ३० लाख. भाचा आणि सूनबाई दोघंही हिंजवडीत नोकरीला. सोसायटीतला जुना टू बीएचके विकून ही रक्कम उभी करायची, शनिवार-रविवार माळावर राहायचं आणि जमलं तर कॉटेज भाड्याने द्यायचं, असा बेत होता. शेळ्यांचा आकडा भाच्याने फारसा मनावर घेतला नव्हता. मी घेतला, कारण जाहिरातीत तेवढीच एक गोष्ट मोजून तपासता येण्यासारखी होती.

जागा पुरंदर तालुक्याच्या पूर्व अंगाला. दिवे घाट चढून सासवड सोडलं की थोडा वेळ अंजीर-सीताफळाच्या बागा दिसतात, आणि जसजसं जेजुरीच्या बाजूला सरकावं तशी जमीन उघडी पडत जाते. पर्जन्यछायेचा प्रदेश, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे. भाद्रपद चालू होता, त्यामुळे माळ हिरवा होता. फोटो गेल्या वर्षीच्या कार्तिकातला असणार.

एजंट बोलका माणूस. गाडीतून उतरेपर्यंत त्याने विमानतळ आणि पाणी दोन्ही आणून ठेवलं. विमानतळ सात गावांत प्रस्तावित आहे हे खरं, पण ही जागा त्या सातांपैकी एकातही नाही. मुळा-मुठेचं पाणी उचलणारी पुरंदर उपसा सिंचन योजना आहे हेही खरं, पण तिचं पाणी या माळावर चढायला वाटेत आणखी एक टेकडी होती. मग त्याने टेकडीकडे हात केला.

"आणि साहेब, मागं हे सगळं गायरान. बारा-पंधरा एकर तरी असेल. आपलंच समजा."

ते वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. खरं तर सगळं प्रकरण त्याच वाक्यात होतं.

'सिंगल मालक' हे सातबारा उघडताच निकालात निघालं. पंधरा रुपयांत मिळणाऱ्या डिजिटल सहीच्या उताऱ्यावर तीन नावं होती: माळ विकणाऱ्या आक्का, त्यांचा थोरला मुलगा आणि लग्न होऊन साताऱ्याला गेलेली मुलगी. धाकट्याने हक्कसोड दिलं होतं, मुलीने दिलं नव्हतं. विक्रीची बातमीही तिला एजंटाकडून कळली. तो प्रश्न आक्कांनी एका फोनमध्ये सोडवला. मुलगी खरेदीखतावर सही करायला आली आणि आपला हिस्सा घेऊन गेली. असं सरळ घडताना क्वचितच पाहायला मिळतं.

खरेदीदाराच्या बाजूचं कोडंही सोपंच निघालं. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. भाच्याचं नाव कराडकडच्या वडिलोपार्जित एकरभरात लागलेलं होतं, दाखला मिळाला. सूनबाईच्या माहेरी शेती नाही, म्हणून वकिलांनी तिचं नाव दस्तात घालू दिलं नाही. तिला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. फ्लॅटचे निम्मे हप्ते तिने भरले होते.

'इतर हक्क' रकान्यातली एक ओळ मात्र पाहण्यासारखी होती: 'कु. का. कलम ४३ ला पात्र'. आक्कांच्या सासऱ्यांना ही जमीन कूळ म्हणून मिळालेली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर ज्या कुळांनी जमिनी विकत घेतल्या, त्यांना त्या परवानगीशिवाय विकता येत नव्हत्या. २०१४ च्या दुरुस्तीने हे सैल झालं. ३२-म प्रमाणपत्राला, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याच्या दाखल्याला, दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा भरून वाट मोकळी होते. या गटाचा आकार होता तीन रुपये २५ पैसे. चाळीस पट म्हणजे १३० रुपये. दीड कोटीच्या व्यवहाराला अडवून बसलेला हा १३० रुपयांचा चलनाचा कागद काढायला पाच आठवडे लागले, कारण ३२-म प्रमाणपत्र आक्कांच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत होतं आणि ते त्यांना आठवत नव्हतं.

एवढ्यात भाच्याने मला न विचारता दोन लाखांची विसारपावती करून टाकली होती, तीही पाचशेच्या स्टॅम्पवर, नोंदणी न करता. मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

आता गवताकडे येतो.

सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारामध्ये पिकांच्या रकान्यांशेजारी 'लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन' असा रकाना असतो. तिथे वर्षानुवर्षं या गटापुढे दोनच शब्द होते: 'गवत पड'. एकूण क्षेत्र २ हेक्टर ९५ आर, त्यातलं लागवडीलायक १ हेक्टर ६२ आर, उरलेलं १ हेक्टर ३३ आर पोटखराबा वर्ग अ. म्हणजे कागदाच्या लेखी जवळपास निम्मी जमीन खराब आणि उरलेली पडलेली. ज्वारी पेरली की नोंद होते, मका पेरला की होते. गवत मात्र उगवलं तरी पडच. या एका शब्दामुळे विकणारा गवताचा भाव करत नाही आणि घेणारा ते मोजत नाही. दोघं मिळून देखाव्याचा भाव ठरवतात. तालुक्याची शीव ओलांडली की सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, ५.१४ चौरस किलोमीटरचं, १९९७ साली जाहीर झालेलं. तिथेही असाच उघडा माळ आणि हेच गवत. चिंकारा त्यावर जगतो म्हणून त्याला कुंपण आणि पाटी मिळाली.

आश्विनाच्या सुरुवातीला मी माळावर परत गेलो. सोबत सहा एमएमच्या सळईची एक मीटर बाय एक मीटर चौकट, विळा, पोती आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा होता. हे काम कुणालाही जमतं. चौकट डोळे झाकून फेकायची, म्हणजे चांगली जागा निवडायचा मोह होत नाही. ती पडेल तिथलं गवत जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापायचं, पिशवीत भरायचं, पिशवीवर नंबर घालायचा. मी पाच ठिकाणी कापलं. विहिरीखालच्या खोलगट पट्ट्यात मारवेल होतं, मऊ आणि गोड. त्याच्या वर थोडं पवन्या. मधल्या उतारावर कुसळीच कुसळी. तिची कुसळं मोज्यातून आरपार जाऊन पोटरीला टोचत होती. मेंढीच्या लोकरीत ती अशीच घुसतात, कधी कातडीपर्यंत, कधी जिभेखाली. वरच्या मुरमावर तर गवत कमी आणि दगडच जास्त.

गच्चीत आठ दिवस वाळवून पुन्हा वजन केलं. पाच चौकटींत २१०, १६०, १३०, ९५ आणि ५५ ग्रॅम. सरासरी १३० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी तेराशे किलो. घर, विहीर, वाट वजा जाता २.८ हेक्टर धरलं तर सगळ्या माळाचं वाळलं गवत ३६४० किलो. त्यातलं निम्मं जमिनीवरच राहू द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी बी नाही, मुळांना जोर नाही आणि पहिल्या वळवाला माती ओढ्यात. उरलं १८२० किलो. तीस किलोच्या मेंढीला वजनाच्या तीन टक्के कोरडा चारा लागतो, नासाडीसकट दिवसाला किलोभर. या हिशोबाने वर्षभर पाच मेंढ्या. नुसते पावसाळ्याचे चार महिने चारायच्या तर पंधरा.

किलोला पाच रुपये धरले तरी हे गवत वर्षाला ९१०० रुपयांचं झालं. विचारलेली किंमत एक कोटी ६१ लाख ४० हजार.

हा कागद मी भाच्याच्या टेबलावर ठेवला. तो हसला. म्हणाला, "मामा, आम्हाला कुठं मेंढपाळ व्हायचंय?" सूनबाई हसली नाही. तिने कागद उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "मामा, मग आक्कांच्या पन्नास मेंढ्या इतकी वर्षं चरत कुठं होत्या?"

दोन महिन्यांत वकील, एजंट, भाचा आणि मी अशा चौघांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता.

उत्तर टेकडीवर होतं. आक्कांनी ते लपवलंही नाही. "गायरानातच की डॉक्टर. ह्यो माळ नुसता वाड्याला. दिवसभर जनावर वरच." म्हणजे जाहिरातीतल्या पन्नास मेंढ्या गावाच्या जमिनीवर पोसलेल्या होत्या आणि त्यांची किंमत आक्कांच्या गटात धरली होती. गायरान गावाच्या गुरांसाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. ती कुणाला विकता येत नाही, आणि तिच्यावर चारण्याची मुभा खरेदीखतात लिहून देता येत नाही. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले, तेव्हापासून अशा जमिनीच्या कडेला राहणाऱ्याने आपली हद्द नीट ओळखून राहावं हे बरं. म्हणून मी मोजणीचा आग्रह धरला. एजंट म्हणाला, "कशाला साहेब, हद्दी सगळ्यांना माहीत आहेत." तो असं म्हणाला नसता तर कदाचित मी तातडीची फी भरायला लावली नसती.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक रोव्हरची (उपग्रहाच्या मदतीने मोजणाऱ्या यंत्राची) काठी घेऊन आले. शेजारच्या खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या, तिघे आले, एक आलाच नाही. सकाळी खालच्या तिन्ही बाजू बिनबोभाट जुळल्या. विहीर हद्दीच्या आत निघाली. चौथी बाजू गायरानाची. जुना हद्दीचा दगड सापडेना. शेवटी घायपाताच्या बेटात, काटे तोडून, आक्कांच्या थोरल्याने तो शोधून काढला. तिथून पुढच्या खुणेपर्यंत चुन्याची रेघ ओढत माणूस निघाला आणि कॉटेजपाशी येऊन थांबला. रेघ व्हरांड्यावरून जात होती. नेमकं सांगायचं तर झोपाळ्याच्या दोन कड्यांच्या मधून. व्हरांड्याची पावणेतीन मीटर रुंदी, न्हाणीघर आणि शोषखड्डा रेघेपलीकडे, गायरानात. जाहिरातीतला तो सूर्यास्त ज्या पायरीवरून काढला होता तीसुद्धा.

थोरला खाली बसला. २००९ साली त्यानेच हौसेने घर बांधलं होतं. "घरपट्टी भरतोय ना दरसाल," एवढंच तो म्हणत राहिला. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव लागलं म्हणजे कर लागला. मालकी त्याने ठरत नाही आणि बांधकाम कायदेशीर होत नाही, हे त्या क्षणी त्याला समजावण्यात अर्थ नव्हता.

एरवी घर नियमात बसणारं होतं. महसूल संहितेत शेतघराची कल्पना साधी आहे: अवजारं, चारा, धान्य, जनावरं किंवा शेतकऱ्याच्या कुटुंबाने आणि गड्यांनी राहण्यासाठीचं बांधकाम. दीड एकराच्या वर धारणा असेल तर जोत्याचं क्षेत्र धारणेच्या चाळिसाव्या हिश्श्यापर्यंत किंवा ४०० चौरस मीटर, जे कमी असेल तेवढं. हे घर ६२ चौरस मीटरचं. पण शेतघर पाहुण्यांना भाड्याने दिलं की ते शेतघर राहत नाही. त्यासाठी २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करावी लागते, आणि त्यातही आधी शेती दाखवावी लागते. जाहिरातीत 'कॉटेज' हा एक शब्द घालून शेतघराचे ३० लाख झाले होते.

रस्त्याचं थोडक्यात सांगतो. पाणंद गटाच्या अलीकडे १८० मीटरवर संपत होती, पुढची गाडीवाट शेजाऱ्याच्या बांधावरून, निव्वळ सलोख्यावर चाललेली. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे मागता आली असती, पण शेजारी हयात आणि राजी असताना अर्जाच्या वाटेला कशाला जायचं? बारा फुटांच्या वहिवाटीचा दस्त नोंदवून घेतला. त्याचे दीड लाख आक्कांनी सोसले.

'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्यावर बोलणी नव्याने सुरू झाली. एजंट नव्हता, ओसरीवर आक्का, थोरला, भाचा, सूनबाई आणि मी. आक्कांनी आधी चहा दिला, मग गुळाची ढेप मधे ठेवली. भाच्याने तयारी करून आणलेलं भाषण केलं. आक्का ऐकून घेत होत्या. मग सूनबाईकडे वळून म्हणाल्या, "बाई, तू सांग. तुझ्या मनात किती?" ती म्हणाली, "आक्का, जमिनीचे अडतीस हजार. घर आम्हाला व्हरांड्याशिवाय, नऊ लाखाला. पाडायचा खर्च तुमचा." आक्का थोड्या वेळाने म्हणाल्या, "झोपाळा मी नेणार." तिथेच ठरलं. एक कोटी १९ लाख ९६ हजार. या वेळी साठेखत नोंदवलं, आणि व्हरांडा पाडून झाल्याचा पंचनामा झाल्यावरच खरेदीखत.

माझ्या मते ही किंमतही जास्तच आहे. ४१ लाख वाचले म्हणून भाचा खूश होता, पण जी किंमत मुळात हवेत होती ती खाली आली म्हणजे जमिनीवर आली असं नाही.

खरेदीनंतर फेरफाराची (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची) नोटीस निघाली. हरकतीचे पंधरा दिवस चालू असताना तात्या आले. तात्या म्हणजे दर पावसाळ्यात या माळावर वाडा टाकणारे धनगर. ऐंशी मेंढरं, दोन घोडी, चार कुत्री. आषाढापासून दिवाळीपर्यंत इथे, मग घाट उतरून कोकणात. आक्कांच्या यजमानांच्या वेळेपासून चालत आलेलं. ते मेंढरं खालच्या शेतात बसवायचे, आक्का त्यांना खताच्या बदल्यात ज्वारी द्यायच्या. यातला एक शब्द कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून हरकत घेण्यासारखंही काही नव्हतं. ते हरकत घ्यायला आलेही नव्हते. विचारायला आले होते, "जाळी मारताय म्हनं?"

भाच्याने चेनलिंकचं कोटेशन घेतलं होतं, चारी बाजूंनी. गायरानातल्या पाझर तलावाकडे जाणारी गुरांची वाट याच गटाच्या कडेने जात होती. ती बंद झाली असती तर अख्ख्या वाडीला वळसा पडला असता आणि भाच्याला शनिवार-रविवार दुधाला कुणी विचारलं नसतं. जाळी तीनच बाजूंनी झाली. गायरानाच्या बाजूला व्हरांड्याच्या पाडलेल्या दगडांचा कमरेएवढा बांध रचला, त्यात दोन खिंडी ठेवल्या.

मी सल्ला दिला होता की दोन वर्षं माळ पूर्ण बंद ठेवा, बी पडू द्या. पुस्तकात असंच आहे आणि नोकरीत मी तेच सांगत आलो. तात्यांनी मान हलवली. "डाक्टर, बंद ठेवला तर कुसळीच माजंल. कुसळ फुटायच्या आत मेंढराला पंधरा दिवस फिरवू द्या. कोवळी कुसळी खातंय त्ये. मग बाहेर काढा. पवन्याला जागा गावंल." मी वाद घातला. मग मधल्या उताराचे दोन भाग केले, एक माझा बंद, एक त्यांचा. पुढच्या भाद्रपदात माझ्या भागात चौकट फेकली तर हाताला कुसळीच लागली. त्यांच्या भागात चौकटीत पवन्याचे चार बुंधे होते. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये हे मला माहीत आहे. तरी आता दोन्ही भाग त्यांच्याकडेच दिले आहेत.

पंधरा दिवसांचे शेवटचे तीन मुक्काम तात्यांनी वाघरी (मेंढरं कोंडायची जाळी) लावून वरच्या मुरमावर केले, जिथे माझ्या चौकटीत ५५ ग्रॅम भरलं होतं. खताच्या बदल्यात ज्वारी भाच्याकडे नव्हती. सूनबाईने सासवडच्या बाजारातून पोतं आणलं.

गेल्या महिन्यात ई-पीक पाहणीसाठी भाचा मोबाइल घेऊन माळावर उभा होता. मीही सोबत होतो. नव्या सातबाऱ्यावर त्याचं नाव लागलेलं, आता नोंद त्यानेच करायची. यादी वरखाली करून झाली.

"मामा, ह्यात पवन्या नाहीये. मारवेलही नाही."

"कायम पड टाक."

त्याने अंगठा थांबवला. पायापाशी चौकटीपुरतं कापलेलं गवत पडलं होतं, त्याचं वजन अजून व्हायचं होतं. मग त्याने 'कायम पड' दाबलं, फोटो काढला, पण वर रेंज नव्हती. अपलोड करायला आम्ही दोघं विहिरीपर्यंत खाली आलो.